आधी पाणी, मग स्पर्धा!

जून उजाडला की ठाण्याच्या माजिवडा नाक्यावर निकालाचे पीक येते. पूर्व द्रुतगती महामार्ग, घोडबंदर रस्ता आणि नाशिककडे जाणारा रस्ता इथे एकत्र येतात. गर्दीत अडकलेल्या माणसाला वर पाहण्यावाचून दुसरे काम नसते, आणि वर असतात क्लासवाल्यांचे फलक. हसऱ्या पोरांचे फोटो, खाली देवनागरीत अक्षरे : टॉपर, रँकर, अचीव्हर, विनर! आईबाप मराठी, फीचा हप्ता भरणार तोही पगारातून कापून. पण यशाला मराठी शब्द मात्र चालत नाही.

आमच्या वस्तीतल्या बुद्ध विहारात दर रविवारी मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. इंग्रजी माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी बारावीच्या एका मुलीने वही मिटून विचारले, "सर, कॉलेजात पोरी म्हणतात, तुम्ही मेरिटवाले नाही, कोट्यातले. मेरिट म्हणजे नक्की काय हो?"

प्रश्न शब्दार्थाचा नव्हता, हे कळायला मास्तर असावे लागत नाही. तरी मी उत्तर शब्दार्थापासूनच द्यायचे ठरवले. कारण हे शब्द म्हणजे आपल्यावर फेकले जाणारे दगड आहेत. दगड कुठल्या खाणीतला आहे ते तरी पाहू!

मेरिट हा शब्द लॅटिनमधून आला. त्याचा मूळ अर्थ कमावलेले. विन या शब्दाचे जुन्या इंग्रजीतले रूप तर कष्ट करणे, झगडणे, सोसणे या अर्थाचे होते. म्हणजे भाषेच्या मुळाशी विनर कोण? राबणारा! आणि मेरिटोक्रसी? ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग यांनी १९५८ साली आपल्या पुस्तकाच्या नावात हा शब्द वापरला तो चक्क उपहासाने. गुणांच्या नावाखाली नवा वरचा वर्ग कसा तयार होईल आणि खालच्यांना कसे तुच्छ लेखील, याचे ते व्यंगचित्र होते. लोकांनी व्यंग गाळले आणि शब्द डोक्यावर घेतला. पंतप्रधान टोनी ब्लेअरही तो कौतुकाने वापरतात, अशी तक्रार यंग यांना २००१ साली वर्तमानपत्रात लेख लिहून करावी लागली.

पण मला सर्वांत जास्त थांबवले ते रायव्हल या शब्दाने. रायव्हल म्हणजे प्रतिस्पर्धी. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ओढा आहे. एकाच ओढ्याचे पाणी वापरणारे ते रायव्हल! भांडण होते ते पाण्याच्या वाटपावरून, पण पाण्यावर हक्क दोघांचाही. आता सांगा, आपल्या देशात प्रतिस्पर्धी कोण होता? सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे कागदावर खुले केले. प्रत्यक्ष ओंजळ भरायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि बाबासाहेबांसोबत ओंजळ भरणाऱ्यांची डोकी फुटली. खटल्याचा उच्च न्यायालयातला निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी. ज्यांना ओढ्याजवळच येऊ दिले नाही त्यांना आज म्हणायचे, या, स्पर्धा करा! हा कसला न्याय?

गंमत अशी की सपाट मैदानाशिवाय स्पर्धा खरी नसते, हे प्रस्थापितांना पूर्वीपासून ठाऊक आहे. आयसीएसची स्पर्धा परीक्षा १८५५ साली सुरू झाली, ती लंडनमध्ये. साहेबाने वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणली तेव्हा याच देशातल्या शिकलेल्या मंडळींनी सभा घेतल्या. समुद्र ओलांडायचा, परक्या भाषेत लिहायचे, तेही कोवळ्या वयात. ही स्पर्धा कसली, असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्तच होता. परीक्षा भारतात घेतली जाऊ लागली १९२२ साली. तेव्हा कुणी म्हटले नाही की यांच्यात मेरिट नाही. आजही लाखो रुपये मोजून मॅनेजमेंट कोट्यातून डॉक्टर होणाऱ्याला कुणी कोट्यातला म्हणत नाही. कोटा हा शब्दसुद्धा जात पाहून चिकटतो. परीक्षेतले गुण म्हणजेच गुणवत्ता नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात २० जानेवारी २०२२ रोजी सांगितले. माजिवड्याच्या फलकांपर्यंत ते अजून पोहोचायचे आहे.

पण बोट फक्त त्यांच्याकडेच दाखवून चालणार नाही. आपल्या जयंती मंडळांचे बॅनर पाहा. गुणवंतांचा सत्कार, अट नव्वद टक्के! कामावर जाऊन पंचेचाळीस टक्के मिळवणारा पोरगा खुर्च्या लावतो आणि टाळ्या वाजवतो. बाबासाहेबांना मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण होते. आपल्या आजच्या बॅनरवर त्यांचाही फोटो बसला नसता! तरी त्यांच्यासाठी लोकांनी सभा भरवली. चरित्रकार ती मॅट्रिकनंतरची सांगतात, बाबासाहेबांनी स्वतः इंग्रजी चौथीनंतरची लिहिली आहे. इतर समाजांच्या मानाने हा काही समारंभ करण्याजोगा प्रसंग नव्हता, हेही त्यांनीच नोंदवले. सुभेदार रामजींचा तर विरोध होता. पोराच्या डोक्यात हवा जाईल, ही त्यांना भीती. शेवटी सभा झाली आणि केळुसकर गुरुजींनी ढाल किंवा पदक नव्हे, स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती ठेवले.

पुढच्या रविवारी हे सारे मी त्या मुलीला सांगितले. रायव्हलचा अर्थ तिने वहीत लिहून घेतला. मग मी तिला विचारले, "बाळ, सराव परीक्षेला तू दर वेळी उशिरा का येतेस?" ती म्हणाली, "सर, नळाला पाणी साडेसहाला येतं. आई तोवर टॉवरमध्ये कामाला गेलेली असते. पाणी भरून येईपर्यंत सात वाजून जातात."

ती वर्षभर पहिल्या दोन प्रश्नांना मुकत होती आणि आम्ही तिच्या नावापुढे लाल शाईने गुण मांडत होतो. सराव परीक्षा आता आठ वाजता सुरू होते.