कॅबिनेट मोजून घ्या

एका कॉलेजच्या गॅदरिंगला आमचा बँड वाजवणार होता. स्टेजवर व्हॉल्व्हचा मोठा अ‍ॅम्प आणि त्याखाली चार स्पीकरचं कॅबिनेट आधीच मांडून ठेवलेलं. माझ्याकडे पाठीवरच्या सॅकमध्ये मावणारा प्रोसेसर. घरी हेडफोनवर महिनाभर खपून बसवलेला पॅच लावला, वायर अ‍ॅम्पच्या मागे खुपसली आणि पहिली कॉर्ड मारली. मागून ड्रमरचा आवाज आला, ‘‘अरे, गोधडी पांघरून वाजवतोयस का?’’ येत होतंही तसंच. जाड, घुसमटलेलं, एकही सूर मोकळा नाही. मी ट्रेबल वाढवला, मग आणखी वाढवला, आणि तेवढ्यात निवेदिकेनं आमचं नाव पुकारलं.

चूक ट्रेबलची नव्हती. त्या दिवशी मी एकाच वेळी दोन कॅबिनेटांतून वाजवत होतो. एक डोळ्यांसमोर होतं, दुसरं प्रोसेसरच्या आत.

हे समजून घ्यायचं तर आधी गिटारच्या स्पीकरकडे बघावं लागतं. घरातल्या म्युझिक सिस्टिमच्या स्पीकरचं काम असतं, आलेला आवाज जसाच्या तसा पुढे पाठवणं. गिटारच्या स्पीकरनं हे काम कधी अंगावर घेतलंच नाही. सेलेस्टियनचा ‘व्हिंटेज ३०’ हा बारा इंची स्पीकर रॉकवाल्यांचा लाडका. कंपनी स्वतःच त्याचा पल्ला ७० ते ५,००० हर्ट्झ असा देते. माणसाचा तरुण कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. म्हणजे ५,००० च्या वरचं बहुतेक सगळं हा स्पीकर गिळून टाकतो, आणि दोन-तीन हजारांच्या आसपासचं उलट पुढे रेटतो.

हायफायच्या हिशेबानं हा दोषच. पण डिस्टॉर्शन लावल्यावर काय होतं ते बघा. ध्वनिलाटेचे गोल माथे छाटले जातात, आणि त्या छाटलेल्या कडांतून वरच्या पट्टीत हार्मोनिकांची रास उभी राहते. ती थेट कानावर आली तर गिटार ऐकू येत नाही, डबीत कोंडलेला भुंगा ऐकू येतो. स्पीकर ती रास गाळतो. चहाला गाळणी तसा डिस्टॉर्शनला गिटारचा स्पीकर. आपण ज्याला ‘मार्शलचा आवाज’ म्हणतो, त्यातला मोठा वाटा मार्शलच्या सर्किटाचा नसून खालच्या पेटीतल्या कागदी कोनाचा असतो.

आता मॉडेलर, म्हणजे आपल्याकडे ज्याला सर्रास ‘प्रोसेसर’ म्हणतात तो. १९९८ मध्ये लाइन सिक्सनं राजम्याच्या दाण्यासारखा लाल ‘पॉड’ आणला. पुढे फ्रॅक्टलचा अ‍ॅक्स-एफएक्स, २०११ मध्ये केम्पर, २०१५ मध्ये हेलिक्स असे एकेक येत गेले, आणि आता तर ‘न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. नावं काहीही असोत, आत तीन मजले असतात. पहिल्यावर प्रीअ‍ॅम्प, दुसऱ्यावर पॉवर अ‍ॅम्प, तिसऱ्यावर कॅबिनेट आणि त्यापुढे लावलेला माइक. पहिल्या दोन मजल्यांविषयी लोक रात्र रात्र वाद घालतात. घोटाळा मात्र तिसऱ्यावर होतो.

हा तिसरा मजला बहुतेक वेळा आयआर, म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स नावाच्या छोट्या फाइलवर चालतो. कोरड्या विहिरीच्या काठावर उभं राहून टाळी वाजवली की विहीर उत्तर देते. ते उत्तर त्या विहिरीचंच असतं. शेजारच्या मळ्यातली विहीर वेगळं देईल. ते उत्तर टिपून ठेवलं, तर पुढे कुठलाही आवाज गणितानं ‘त्या विहिरीतून’ काढता येतो. इथे विहिरीच्या जागी कॅबिनेट. त्याला ठराविक चाचणीचा आवाज ऐकवायचा, समोर एखादा माइक, बहुधा शूअरचा एसएम-५७, लावून उत्तर नोंदवायचं. ४८,००० च्या सॅम्पल रेटला २,०४८ नमुन्यांची आयआर जेमतेम ४३ मिलिसेकंदांची भरते. एवढ्याशा फाइलमध्ये स्पीकर, लाकडी पेटी आणि माइक, तिघांचा ठसा असतो.

यातला माइक विसरू नका. कारण ‘मॉडेलर खऱ्या अ‍ॅम्पसारखा वाटत नाही’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा तिथे असतं. एसएम-५७ स्पीकरच्या जाळीपासून दोन बोटांवर असतो. तिथे कान लावून अ‍ॅम्प ऐकणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आपण उभे असतो दोन पावलं पुढे, थोडे बाजूला, आणि अ‍ॅम्प असतो गुडघ्याशी. बारा इंची स्पीकर वरच्या पट्ट्या टॉर्चच्या झोतासारख्या सरळ समोर फेकतो, त्यामुळे वाजवणाऱ्याला आवाज गुबगुबीत लागतो आणि झोतात सापडलेल्या समोरच्या रांगेच्या कानात सुई टोचते. आयआरमधून येतो तो रेकॉर्डवरचा गिटार, खोलीतला नव्हे. दोन्ही खरेच, पण एकाची अपेक्षा ठेवून दुसरा ऐकला की हिरमोड होणारच.

तेव्हा काही जोडण्याआधी एकच करा. गिटारपासून कानापर्यंतच्या वाटेत कॅबिनेटं किती, ते मोजा. उत्तर एक आलं पाहिजे. शून्य आलं तर भुंगा, दोन आली तर गोधडी.

पॉवर्ड मॉनिटर, म्हणजे पॉवर अ‍ॅम्प पोटातच असलेला स्पीकर, घेतलात तर हे एक कॅबिनेट प्रोसेसरच्या आत हवं, म्हणजे कॅब ब्लॉक किंवा आयआर चालू. यामाहा एचएस-५ सारखे स्टुडिओ मॉनिटर, डीएक्सआर-१० सारखे पीए स्पीकर, हेडरशचे गिटारवाल्यांसाठी काढलेले एफआरएफआर (फुल रेंज, फ्लॅट रिस्पॉन्स) स्पीकर, सगळ्यांचं धोरण एकच. स्वतःचं मत न देता पूर्ण पल्ला सपाटपणे ऐकवायचा. निदान तसा दावा तरी असतो. यांची मजा म्हणजे एका पॅचमध्ये व्हॉक्सचं दोन स्पीकरवालं कॅबिनेट, पुढच्यात मार्शलचं चारवालं, आणि अकूस्टिक गिटार लावला तर कॅब बंद करून तोही स्वच्छ. लाइन सिक्सच्या ‘पॉवरकॅब’मध्ये तर सपाट मोडबरोबर स्पीकरची सोंगं घेणारे मोडही आहेत. त्यातलं सोंग निवडलं तर प्रोसेसरमधलं कॅब बंद करायचं. मोजणी इथेही चुकते.

स्टुडिओ मॉनिटर खोलीत झकास, पण ड्रमसमोर पाच इंची स्पीकर बिचारा किती ओरडणार? तालमीला पीए स्पीकरच घ्या, आणि त्याच्या मागचा माइक-लाइन स्विच ‘लाइन’वर आहे ना, ते बघा. जमिनीवर टेकवलेल्या स्पीकरचा खर्ज फुगतो. शक्य असेल तर तो उचला किंवा वेजसारखा तिरका करा. शिवाय पॅचमध्ये ८० ते १०० हर्ट्झच्या खाली आणि ६,००० ते ८,००० च्या वर कात्री लावा. सपाट स्पीकर आयआरमधला प्रत्येक कचरा इमानदारीनं ऐकवतो, म्हणून ही कात्री. आणि घरातल्या ब्लूटूथ स्पीकरला जोडायचा मोह टाळा. प्रोसेसरचा स्वतःचा उशीर काही मिलिसेकंदांचा, म्हणजे अ‍ॅम्पपासून एखाद-दोन मीटर लांब उभं राहिल्याइतका. ब्लूटूथ त्यात शंभराच्या घरात भर घालतं. मग आधी बोट पडतं आणि सूर मागाहून येतो.

खरं कॅबिनेट वापरायचं, तर प्रोसेसरमधलं कॅब बंद. पण कॅबिनेटला स्वतःची ताकद नसते. मध्ये पॉवर अ‍ॅम्प लागतो. आहे त्या अ‍ॅम्पच्या पाठीमागे इफेक्ट लूपचं ‘रिटर्न’ असेल तर उत्तम. तिथे वायर लावली की अ‍ॅम्पचा प्रीअ‍ॅम्प वळसा घालून बाजूला राहतो आणि आपला सिग्नल थेट पॉवर अ‍ॅम्पवर जातो. माझी वायर त्या दिवशी रिटर्नलाच होती. फक्त कॅब ब्लॉक बंद करायचा राहिला. पुढच्या इनपुटला लावलं तर प्रीअ‍ॅम्पवर प्रीअ‍ॅम्प चढतो. तिथे प्रोसेसरमधला अ‍ॅम्पही बंद करून नुसते इफेक्ट वापरणं बरं. अ‍ॅम्प नसेल तर सेमूर डंकनच्या ‘पॉवरस्टेज १७०’ सारखे पेडलएवढे क्लास-डी पॉवर अ‍ॅम्प मिळतात. मात्र १७० वॉट हा आकडा ४ ओमला आहे. ८ ओमच्या कॅबिनेटला साधारण निम्मा धरा, १६ ला त्याच्याही निम्मा.

ओमचा विषय निघालाच आहे तर इथे थोडं थांबतो, कारण बाकीच्या चुकांनी आवाज बिघडतो, या चुकीनं खिसा. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प कॅबिनेट न जोडता कधीही चालू करायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला समोर भार मिळाला नाही तर तो जळू शकतो. अ‍ॅम्पच्या मागे ४, ८, १६ असे खाचे असतात, कॅबिनेटवरही आकडा असतो. दोन्ही जुळवा. ट्रान्झिस्टरचा किंवा क्लास-डी अ‍ॅम्प रिकामा चालला तरी सहसा तक्रार करत नाही. त्याला त्रास होतो तो सांगितल्यापेक्षा कमी ओम जोडल्यावर. आणि पॉवर अ‍ॅम्पपासून कॅबिनेटपर्यंत स्पीकरचीच वायर हवी. गिटारची वायर आणि ही, दोन्हींना जॅक एकच, बाहेरून जुळ्या बहिणी. शंका आली तर जॅकचं टोपण फिरवून आत बघा. गिटारच्या वायरीत मधोमध एक बारीक तार आणि भोवती विणलेली जाळी, स्पीकरच्या वायरीत दोन सारख्या जाड तारा. पहिल्या प्रकारची वायर स्पीकरचा प्रवाह पेलू शकत नाही, तापते.

एक बारकावा. कॅबिनेटवर लिहिलेला ८ ओम हा आकडा म्हणजे नुसती ओळख. खर्जात, स्पीकरच्या स्वतःच्या कंपनापाशी, अडथळा त्याच्या कितीतरी पट चढतो आणि वरच्या पट्ट्यांत पुन्हा वाढत जातो. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प या चढउतारांना दाद देतो, त्यातून खर्ज आणि धार दोन्ही फुलतात. क्लास-डी त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. म्हणून क्लास-डीबरोबर प्रोसेसरमधलं पूर्ण अ‍ॅम्प मॉडेल चालू ठेवा, त्यात हे फुलणं गणितानं घातलेलं असतं. व्हॉल्व्हच्या रिटर्नला जाताना मात्र नुसतं प्रीअ‍ॅम्प मॉडेल लावून बघा. हेलिक्समध्ये तशी वेगळी मॉडेलं आहेत. इथे कॅबिनेटइतका कडक नियम नाही, कानाला रुचेल ते घ्या.

आता पेच. पायाशी खरं कॅबिनेट हवं आणि साउंडवाल्यालाही मिक्सरसाठी थेट लाइन हवी. मग एका गिटारच्या दोन वाटा होतात, आणि मोजणी प्रत्येक वाटेची वेगळी. अ‍ॅम्प ब्लॉकनंतर वाट फोडा. एक फाटा कॅब ब्लॉकमधून एक्सएलआरवाटे मिक्सरला, दुसरा कॅबशिवाय पाव इंची जॅकवाटे रिटर्नला. छोट्या प्रोसेसरांत वाट फोडता येत नाही, पण कित्येकांत प्रत्येक आउटपुटचं कॅब वेगळं चालू-बंद करायची ग्लोबल सेटिंग सापडते. बॉसच्या बऱ्याच प्रोसेसरांत ‘आउटपुट सिलेक्ट’ असतं. पुढे काय जोडलंय, लाइन-हेडफोन की अ‍ॅम्पचं इनपुट की रिटर्न, ते तिथे सांगायचं. ही सेटिंग लोक वर्षानुवर्षं उघडत नाहीत. दोन्हीकडे जोडल्यावर ५० हर्ट्झची घरघर सुरू झाली तर एक्सएलआरजवळचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा जुगाड मात्र नको. आवाज जाईल, पण शॉक बसेल.

मग यातलं घ्यावं काय? दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहून, दर कार्यक्रमाला रिक्षानं जाणाऱ्या आणि पाच प्रकारची गाणी वाजवणाऱ्या माणसानं पॉवर्ड स्पीकर घ्यावा. मार्शलचं चार स्पीकरचं कॅबिनेट सुमारे ३६ किलोचं असतं, लिफ्ट बंद असली की किलोचा अर्थ कळतो. ज्याचा बँड एकाच जातीचं संगीत वाजवतो आणि ज्याला पँटला वारा लागल्यासारखा धक्का हवा असतो, त्यानं एक स्पीकरचं छोटं कॅबिनेट आणि पेडलएवढा पॉवर अ‍ॅम्प. सगळे पॅच मग त्या एकाच कॅबिनेटच्या तोंडून बोलतील, हे गृहीत धरून. मी दुसऱ्या गटातून पहिल्यात आलो. कारण संगीताचं कमी, पाठीचं जास्त.

काहीही घेतलंत तरी घरचा पॅच जसाच्या तसा स्टेजवर नेऊ नका. बेल लॅबोरेटरीजमधल्या हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं की हळू आवाजात आपला कान खर्ज आणि बरीचशी तारपट्टी कमी टिपतो, आवाज वाढला की ही तफावत घटते. रात्री अकराला शेजाऱ्यांना सांभाळून पॅच बसवताना आपण नकळत खर्ज आणि ट्रेबल वाढवत जातो. तोच पॅच स्टेजवर गेला की खाली ढमढम, वर करवत, आणि मधला गिटार ड्रमच्या मागे गडप. पुढच्या कार्यक्रमाआधी तालमीच्या खोलीत ड्रमरला बसवून, पूर्ण आवाजात, त्याच स्पीकरवर पॅच पुन्हा ऐका. खर्ज उतरवा, मधली पट्टी चढवा, वेगळ्या नावानं सेव्ह करा आणि त्या नावातच लिहून ठेवा: कॅब चालू की बंद.