बाप्तिस्म्याची वेस

१९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनचे काम सोडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तशिष्य या दरबारात एकमेकांचे बंधू म्हणून बसणार होते. टिळकांच्या चरित्रात हा प्रसंग बहुधा कवीचा मनस्वीपणा म्हणून सांगितला जातो. मला ते अन्यायाचे वाटते. ख्रिस्तमंडळीची हद्द नेमकी कुठे संपते, हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातला फार जुना वाद. तो प्रत्येक काळात नव्या अडचणीमुळे पुन्हा उघडावा लागला आणि प्रत्येक वेळी सिद्धांत थोडा पुढे सरकला. साताऱ्याचा दरबार या वादातला एक टप्पा आहे, आणि तो धर्मशास्त्राच्या इतिहासात मोजला पाहिजे.

वादाची सुरुवात छळातून झाली. इ.स. २५० मध्ये सम्राट डेशियसने सर्वांना रोमन देवांपुढे यज्ञ करायला लावले. जिवाच्या भीतीने अनेक ख्रिस्ती लोकांनी तो केला आणि छळ ओसरल्यावर ते मंडळीच्या दारात परत आले. यांना आत घ्यायचे की नाही? या धामधुमीत कार्थेजचा बिशप सायप्रियन याने मंडळीबाहेर तारण नाही, असे बजावले. पाखंडी गटात झालेला बाप्तिस्मा तर त्याने बाप्तिस्मा मानलाच नाही. रोमचा बिशप स्टीफन याला ते पटले नाही, आणि पुढे डोनॅटिस्ट या फुटीर गटाशी झालेल्या वादात ऑगस्टीनने संस्कार ख्रिस्ताचा असतो, तो देणाऱ्याचा नव्हे, अशी मांडणी करून सायप्रियनची ही बाजू मागे टाकली. प्रत्यक्ष व्यवहार तर याहून सैल होता. ३२५ मध्ये निकियाची परिषद बोलावणाऱ्या कॉन्स्टंटाइनचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तो झाला थेट ३३७ मध्ये, मृत्युशय्येवर. ३७४ मध्ये मिलानच्या लोकांनी अँब्रोझला बिशप निवडले, तेव्हा तोही बाप्तिस्म्याविनाच होता. याच अँब्रोझवर ३९२ मध्ये तरुण सम्राट दुसऱ्या व्हॅलेन्टिनियनच्या मृत्यूनंतर भाषण करण्याची वेळ आली. सम्राट बाप्तिस्म्याची वाट पाहत असतानाच गेला होता. ज्याने मागितले त्याला ते मिळालेच, असे सांगून अँब्रोझने त्याच्या बहिणींचे सांत्वन केले. शोकसभेतला हा दिलासा पुढे ‘इच्छेचा बाप्तिस्मा’ या सिद्धांताचे बीज ठरला. १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने दार पुन्हा घट्ट लावले. १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने मात्र बाप्तिस्मा किंवा त्याची इच्छा, अशी शब्दयोजना करून फट ठेवली. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तर ज्यांच्यापर्यंत सुवार्ता पोचलीच नाही, अशा सद्भावी माणसांच्या तारणाची शक्यताही मान्य केली.

मराठी मुलुखात हा प्रश्न उशिरा उठला. फादर थॉमस स्टीफन्सचे ओवीत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले, पण ओवी इथली असली तरी सिद्धांत ट्रेंटचाच राहिला. एकोणिसाव्या शतकात चित्र बदलले. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडातल्या वाँटिज येथे अँग्लिकन विधीने झाला, पण त्या पंथाची प्रत्येक शिकवण स्वीकारायला त्यांनी साफ नकार दिला. एका पुरोहितशाहीचे जोखड उतरवून दुसरीचे मानेवर घेणार नाही, असा त्यांच्या त्या काळच्या पत्रांचा रोख आहे. आपण ख्रिस्ताच्या मंडळीत आलो, एखाद्या पंथाच्या नव्हे, हा भेद त्या जीव तोडून मांडत होत्या. टिळकांनी हाच भेद एक पाऊल पुढे नेला. बाप्तिस्म्याची किंमत त्यांच्या घरातच चुकती झाली होती. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा, आणि मधल्या वर्षांत संसाराची झालेली फाटाफूट लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त नोंदलेली आहे. शिवाय आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. ज्या मुलुखात पंढरीच्या वाटेवर पाऊल टाकायला कुणाची परवानगी लागत नाही आणि म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला आलेल्या भक्ताचे नाव कुठल्या वहीत तपासले जात नाही, तिथे भक्ती आधी आणि सभासदत्व नंतर, हा क्रम माणसाला सहज पटतो.

यावर पहिला आक्षेप शास्त्राचा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी बाप्तिस्मा देण्याची आज्ञा स्पष्ट आहे. मग टिळकांनी केले ती वाढ कशी, ती तर मोडतोड झाली. पण दरबाराने बाप्तिस्मा रद्द केलेला नव्हता. तो घेतलेले लोक तिथे होतेच, स्वतः टिळक होते. ज्याने अजून तो घेतलेला नाही त्याला शिष्य म्हणायचे की नाही, एवढाच सवाल होता, आणि व्हॅलेन्टिनियनच्या बाबतीत अँब्रोझने त्याचे उत्तर देऊन ठेवले होते. दुसरा आक्षेप असा की दरबार टिकला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले आणि मांडणी पुरी व्हायच्या आत सारे विसकटले. हे खरे आहे. टिळकांनी सिद्धांताचा ग्रंथ लिहिला नाही. परंतु हिंदू समाजातच राहून ख्रिस्ताला मानणाऱ्यांची मंडळी असू शकते का, यावर १९७० च्या दशकाच्या आरंभी एम. एम. थॉमस आणि लेस्ली न्यूबिगिन या दोन नामवंत धर्मपंडितांत जो वाद झडला, त्याचा विषय मुळात साताऱ्याचाच होता.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. अहमदनगर भागात मिशनच्या मंडळ्या वाढल्या त्या प्रामुख्याने महार आणि मांग समाजातून. ज्या माणसाला देवळाची पायरी आणि गावची विहीर बंद होती, त्याच्यासाठी बाप्तिस्मा म्हणजे चारचौघांत उभे राहून मिळवलेले नवे नाव होते. जातीतली प्रतिष्ठा न गमावता ख्रिस्त मानण्याची सोय ही उच्चवर्णीयांची सोय नव्हे काय, असे त्याच्या वंशजाने विचारले, तर त्याला उडवून लावता येणार नाही. त्याच्या तोंडी बाप्तिस्मा हा विद्रोहाचा उच्चार आहे, आणि मंडळीची वेस सैल करणाऱ्या सिद्धांताने तो उच्चार पुसता कामा नये. मी हा आक्षेप अर्धा मान्य करतो. अर्धाच, कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती झालेल्या दलिताला मात्र नाही. म्हणजे आता बाप्तिस्म्याची किंमत सर्वांत जड पडते ती त्याच दलिताला. शिष्यवृत्ती आणि नोकरीतली राखीव जागा सांभाळण्यासाठी जो कागदावर जुनाच धर्म ठेवून रविवारी उपासनेला बसतो, त्याला ख्रिस्तमंडळीने काय म्हणावे? टिळकांनी हा प्रश्न ब्राह्मणाच्या घरातून विचारला होता. आज तो महारवाड्याच्या वारसांकडून येतो आहे, आणि त्याचे उत्तर मराठीत बसून शोधणारे धर्मशास्त्र अजून लिहायचे आहे.