मुरड म्हणजे काय रे भाऊ?

दिवाळीच्या आधी घरात करंज्या करायला बसतात, तेव्हा तुम्ही काय करता? सारण खाता, हो ना? या वेळी जरा आजीच्या बोटांकडे बघा. पारीत सारण भरून ती दुमडते. मग कडेचा थोडा भाग चिमटीत धरून आत वळवते, त्याच्यावर पुढचा, त्याच्यावर पुढचा. बघता बघता दोरीसारखा पीळ तयार! याला म्हणतात मुरड घालणं.

कातणाने कापलं तर काम लवकर होतं. मग मुरड कशाला? नुसती दाबलेली कड गरम तेलात सुटू शकते. सारण बाहेर पडतं, जळतं आणि सगळं तेल खराब होतं. कड आत वळवली की तिथे पिठाचे दोन-तीन थर होतात आणि तोंड पक्कं बंद राहतं.

एक शब्द, किती कामं!

कागद आपण दुमडतो, छत्री मिटतो, चादरीची घडी घालतो. मुरडणं या सगळ्यांहून वेगळं, त्यात वळणं आलं. म्हणून चालताना पाय मुरडतो, भाजी नावडती असली की नाक मुरडतं आणि पैसे कमी असले की हौसेला मुरड घालावी लागते. मुरडणं म्हणजे मागे फिरणंसुद्धा. अनेक घरांत गौरी जायच्या दिवशी मुरडीच्या कानवल्याचा नैवेद्य दाखवतात. का? तर तिने पुन्हा मुरडून यावं!

खडकावरची मुरड

रत्नागिरीच्या मुलांना आणखी एक मुरड बघायला मिळते. ओहोटीला खडकाळ किनाऱ्यावर जा, अर्थात मोठ्या माणसांबरोबर. डबक्यात समुद्रफूल दिसेल. नाव फूल, पण आहे प्राणी! पाणी ओसरलं की तो आपले सगळे शुंडक आत ओढतो आणि वरची कड मिटून गोळा होऊन बसतो. त्यामुळे अंगातलं पाणी उन्हात सुकत नाही. बघा, पण बोट लावू नका. त्याच्या शुंडकांवर डंख करणाऱ्या पेशी असतात.

तुमच्या पाठीतली मुरड

आता सर्वांत मोठी गंमत. ही मुरड तुमच्यातही पडलेली आहे! आईच्या पोटात तुम्ही जेमतेम तीन आठवड्यांचे होता, तेव्हा तुमच्या पाठीच्या जागी पेशींची एक सपाट पट्टी होती. तिच्या मधोमध खाच पडली, दोन्ही कडा वर उचलल्या, आत वळल्या आणि एकमेकींना चिकटून नळी झाली. वरच्या टोकाचा झाला मेंदू, खाली झाला मज्जारज्जू. चौथ्या आठवड्याच्या अखेरीस हे काम संपतंसुद्धा. तोवर पुष्कळ आयांना बाळाची चाहूलही लागलेली नसते.

कधी कधी ही नळी कुठेतरी उघडी राहते. खालच्या बाजूला राहिली, तर बाळाच्या पाठीच्या कण्यात जन्मतःच दोष राहतो आणि पायांत ताकद कमी पडू शकते. असं बाळ आधी झालेल्या मातांवर ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने मोठा अभ्यास केला. तो १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. गर्भ राहण्याआधीपासून फोलिक आम्ल घेतलं, तर हा दोष पुन्हा होण्याचं प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटतं, असं त्यात दिसलं. आईबाबांनो, म्हणूनच डॉक्टर ही गोळी बाळाचा विचार सुरू झाल्यापासूनच घ्यायला सांगतात.

हेच जीवनसत्त्व पालेभाज्यांत आणि कडधान्यांत असतं. शाळेत आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीतही ते असतं. ती गोळी मुख्यतः रक्तक्षय टाळण्यासाठी असते, पण लोहाच्या जोडीला त्यात फोलिक आम्लही घातलेलं असतं.

तेव्हा दोस्तांनो, ताटात पालेभाजी आली की नाक मुरडू नका. आणि यंदा एका तरी करंजीला मुरड तुम्ही घाला. पहिली बिघडली तरी हरकत नाही. बिघडलेली करंजी कोण खातं, हे का सांगायला हवं?