करोडगिरी : नदीपलीकडचा महसूल कोणी, कोठे वसूल करायचा?

आम्ही दुकानात बसू लागलो तेव्हा वणीच्या कापडबाजारात जुन्या मंडळींच्या तोंडी एक शब्द हमखास असे. पैनगंगेपलीकडे आदिलाबादकडे माल निघाला की कोणीतरी विचारायचे, "करोडगिरी भरली का?" नाके तर कधीच उठले होते. थट्टा तेवढी उरली होती.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो, म्हणून हा शब्द आम्हाला परका वाटला नाही. अकबर बादशहाच्या काळात एक कोटी दाम वसुलीच्या मुलखावर नेमलेल्या अंमलदाराला करोडी म्हणत. त्यावरून करोडगिरी. पुढे निजामाच्या राज्यात सरहद्दीवरचा महसूल घेणाऱ्या खात्याचेच हे नाव झाले. मराठीत आपण त्याला जकात म्हणतो. फर्ज जकातीशी या जकातीचा संबंध नाही. शब्द तोच, पण मराठीने तो नाक्यावर नेऊन बसवला.

१८०२ साली कंपनी सरकार आणि निजाम यांच्यात व्यापाराचा तह झाला. मालावर शेकडा ५ घ्यायचे, तेही एकदाच, आणि वाटेत ठिकठिकाणी घेतली जाणारी राहदारी बंद करायची, असे ठरले. त्या वेळी वऱ्हाड निजामाचेच होते. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि १९०२ साली वर्षाला २५ लाख रुपये देऊन तो कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे राहिला. म्हणजे कागदावर वणीचा मालक निजाम आणि कारभार इंग्रजांचा. तरीही वणीचा गठ्ठा नदी ओलांडून निजामाच्या मुलखात गेला की तो परका माल! आपल्याच मालकीच्या मुलखातून आलेल्या कापडावर निजाम सरकार महसूल घेई. १९३६ च्या करारात वऱ्हाडवरची निजामाची मालकी पुन्हा मान्य झाली, पण नाक्यावर त्याने काही फरक पडला नाही.

नदीची गोष्ट आणखी मजेची. १८६० च्या तहात असे ठरले की गोदावरी आणि तिच्या उपनद्या जेथे दोन राज्यांची हद्द आहेत, तेथे वर-खाली जाणाऱ्या मालावर कोणीही महसूल घेऊ नये. वर्धा आणि पैनगंगा या दोन्ही तशाच नद्या. नावेत असेपर्यंत माल मोकळा, पलीकडच्या काठावर उतरला की नाकेदार हजर.

आता कापडाचा हिशेब पाहू. १८९६ पासून विलायती कापडावर मुंबई बंदरात शेकडा साडेतीन जकात होती. १९३१ साली तीच जकात विलायती मालावर शेकडा २५ झाली आणि १९३३ साली जपानी कापडावर तर ७५. भाडे आणि नफा बाजूला ठेवू. १९३१ साली मुंबईत उतरलेले १०० रुपयांचे मँचेस्टरचे कापड बंदराबाहेर १२५ ला पडले. नदीपलीकडे त्यावर शेकडा ५ धरले तर सव्वासहा रुपये आणखी. गिऱ्हाईक आदिलाबादचे, पण त्याच्या खिशातून गेलेल्या सव्वाएकतीस रुपयांतले २५ इंग्रजी खजिन्यात. संस्थानांची मोठी तक्रार हीच होती: बंदरे तुमची, पण कर आमची रयत भरते, मग आमचा वाटा कोठे? १९२७ साली नेमलेल्या बटलर समितीपुढे हे गाऱ्हाणे मांडले गेले होते.

हाच वाद दूर हाँगकाँगमध्येही पेटला होता आणि त्याची एक तार मुंबईपर्यंत येते. हाँगकाँग इंग्रजांचे खुले बंदर, जकात नाही. मुंबईहून माळव्याच्या अफूच्या पेट्या तेथे उतरत. पारशी, बोहरी, यहुदी अशा अनेक पेढ्या त्या धंद्यात होत्या. धंदा वाईट होता यात शंका नाही, पण येथे प्रश्न वसुलीचा आहे. हाँगकाँगहून लहान गलबतांतून अफू आणि इतर माल चीनच्या किनाऱ्यावर चोरून जाई आणि चीनचा महसूल बुडे. चीनचे म्हणणे असे की माल जेथून निघतो तेथेच आम्हाला वसूल करू द्या. हाँगकाँगचे व्यापारी खवळले. परक्या राज्याचा कारकून ब्रिटिश जमिनीवर पावती फाडणार म्हणजे खुले बंदर बुडाले, असे ते म्हणू लागले. मग १८६७-६८ च्या सुमारास कँटनच्या अधिकाऱ्यांनी बेटाभोवती गस्तीच्या बोटी आणि नाके लावले. व्यापाऱ्यांनी त्याला नाकेबंदी नाव दिले. हे भांडण जवळजवळ वीस वर्षे चालले.

१८८५ साली अफूच्या दर पेटीवर, म्हणजे सुमारे ६० किलोवर, ३० टेल आयात जकात आणि ८० टेल अंतर्गत महसूल मिळून ११० टेल एकदाच घ्यायचे ठरले. १८८६ साली हाँगकाँगशी करार झाला आणि १८८७ साली कौलूनचे चिनी जकात दफ्तर सुरू झाले. कमिशनर नावाला कौलूनचा, पण त्याचे दफ्तर हाँगकाँग शहरात! नको नको म्हणता चिनी महसुलाचा साहेब ब्रिटिश शहरात बसलाच. १८९८ साली इंग्रजांनी आसपासचा मुलूख ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतला. चीनचे नाके नेमके त्यातच सापडले आणि १८९९ साली ते नव्या हद्दीबाहेर हलवावे लागले.

गंमत अशी की परक्या हद्दीतली वसुली नको म्हणणारे इंग्रज स्वतः काय करत होते? माळव्यातल्या संस्थानी अफूचा परवाना महसूल त्यांचा अफू एजंट होळकरांच्या इंदुरात बसून घेत असे.

आपल्याकडे १९४८ नंतर हैदराबाद भारतात आले. घटनेच्या कलम ३०६ ने अशा राज्यांना हद्दीवरचा महसूल करारानुसार जास्तीत जास्त दहा वर्षे चालू ठेवण्याची मुभा दिली होती. १९५६ साली ते कलमच गेले. त्याच वर्षी राजुरा आणि किनवटचा भाग आपल्या बाजूला आला, आदिलाबाद आंध्रात गेले आणि पुढे तेलंगणात.

व्यापारी बांधवांनी हे नीट समजून घ्यावे, कारण जुना प्रश्न आता आपल्या बिलबुकात आला आहे. जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागला. वणीहून आदिलाबादच्या नोंदणीकृत दुकानदाराला कापड पाठवले की आपण शेकडा ५ आयजीएसटी लावतो. (निजामाचा दरही ५ च होता!) त्यातला राज्याचा वाटा महाराष्ट्राला मिळत नाही, माल जेथे पोचतो त्या तेलंगणाला केंद्राकडून जातो. म्हणजे पलीकडच्या राज्याचा महसूल वणीत बसून आपणच गोळा करतो आणि पगार मिळत नाही.

आमची एक चूक सांगतो. पहिल्या वर्षी आदिलाबादला गेलेल्या एका गठ्ठ्याच्या बिलावर आम्ही सवयीने सीजीएसटी-एसजीएसटी लावला. अशी चूक वळती होत नाही. बरोबर कर पुन्हा भरावा लागतो आणि चुकून भरलेला परत मागावा लागतो. व्याज लागले नाही, पण हंगामाच्या तोंडावर रक्कम अडकून पडली. कंपोझिशनमध्ये असलेल्या दुकानदाराला तर दुसऱ्या राज्यात माल विकताच येत नाही. आणि उलाढाल कितीही लहान असो, परराज्यात कापड विकायचे तर नोंदणी घ्यावीच लागते. पाटणबोरीवरून गाडी आता न थांबता जाते खरी, पण बिलावरचा राज्याचा कोड गाडी सुटण्याआधी एकदा पाहून घ्यावा.