रुबीतील मेथडचा माग: पंचवीस वर्षांचा आढावा

युकिहिरो मात्सुमोतो यांनी रुबी ही भाषा डिसेंबर १९९५ मध्ये लोकांसमोर ठेवली. रुबीत क्लास एकदा लिहून झाला म्हणून मिटत नाही. प्रोग्रॅम चालू असतानाही त्यात मेथड घालता येते, असलेली बदलता येते. कोणती मेथड कधी बोलावली गेली, तिला काय दिले आणि तिने काय परत केले, हे टिपण्याच्या बऱ्याच युक्त्या या मोकळेपणातून जन्मल्या.

सुरुवातीच्या काळात हाताशी 'सेट_ट्रेस_फंक' होते. ते प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीची, प्रत्येक कॉलची वर्दी देई. त्यामुळे प्रोग्रॅम रखडे आणि हवी ती मेथड नोंदींच्या ढिगात हरवे.

म्हणून लोक एलियसकडे वळले. मूळ मेथडला दुसरे नाव द्यायचे आणि तिच्या जुन्या नावावर नवी मेथड बसवायची. ही नवी मेथड, म्हणजे मूळ मेथडचे वेष्टन, आधी नोंद करी, मग मूळ मेथडला बोलावी. रेल्स या रुबीतील वेब फ्रेमवर्कने 'एलियस_मेथड_चेन' देऊन ही रीत घरोघरी पोहोचवली. पण तीच फाइल दोनदा लोड झाली, तर दुसऱ्या खेपेला ते दुसरे नाव मूळ मेथडऐवजी वेष्टनालाच चिकटे. वेष्टन स्वतःलाच बोलावत राही आणि स्टॅक भरून प्रोग्रॅम कोसळे. 'इन्स्टन्स_मेथड'ने मूळ मेथड हाती घेऊन 'डिफाइन_मेथड'च्या ब्लॉकमध्ये जपणे अधिक स्वच्छ होते, कारण क्लासमध्ये जादा नाव उरत नसे.

२४ फेब्रुवारी २०१३ रोजी आलेल्या रुबी २.० ने चित्र पालटले. 'प्रिपेंड'मुळे मॉड्यूल क्लासच्या पुढे उभे करता येऊ लागले. त्यात नोंद करायची आणि 'सुपर' म्हणून मूळ मेथडकडे जायचे. नावांची अदलाबदल नाही. रेल्सनेही २०१६ च्या ५.० आवृत्तीत जुनी चेन कालबाह्य ठरवून प्रिपेंडची वाट दाखवली. त्याच २.० मध्ये आलेल्या 'ट्रेसपॉइंट'ने फक्त कॉल आणि रिटर्न या घटना निवडून ऐकण्याची सोय केली. २०१८ च्या २.६ मध्ये तर एका ठरावीक मेथडपुरताच माग लावता येऊ लागला.

डिसेंबर २०२० मध्ये रुबी ३.० ने कीवर्ड आर्ग्युमेंट साध्या आर्ग्युमेंटपासून वेगळे केले आणि केवळ साधे आर्ग्युमेंट पुढे ढकलणारी कितीतरी जुनी वेष्टने मोडली. या वेष्टनांचा पाया कच्चा होता, हे तेव्हा उघड झाले. माग काढणाऱ्या कोडने मूळ मेथडच्या वागण्यात तसूभरही फरक पडू देता कामा नये. आर्ग्युमेंट, कीवर्ड, ब्लॉक, परत येणारे मूल्य, उसळलेला एक्सेप्शन, सारे जसेच्या तसे पोहोचले पाहिजे. खाजगी मेथड वेष्टनामुळे सार्वजनिक होऊन बसणे हाही दोषच.

माझे मत या प्रवासावरून पक्के झाले आहे. कायमची नोंद हवी असेल तर प्रिपेंड वापरावे. तासाभराचा शोध असेल तर ट्रेसपॉइंट ब्लॉकपुरता चालू करावा आणि काम झाल्यावर कोडमधून काढून टाकावा. जुन्या प्रकल्पात एलियसची वेष्टने अजून असतील, तर पुढच्या आवृत्तीवर जाण्याआधी ती बदलून घ्या.