काच तापू द्या

अकोटला आमच्या चाचांचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. लग्न, कव्वाली, कीर्तन, नरसिंग महाराजांची यात्रा. कार्यक्रम कोणाचाही असो, मशीन एकच जायचं. ॲम्प्लिफायरला आम्ही मशीनच म्हणायचो. ते सुरू केलं तरी लगेच बोलायचं नाही. मी माईककडे धावलो की चाचा म्हणायचे, ‘‘थांब ना बाबू! काच तर तापू दे.’’

काच म्हणजे व्हॉल्व्ह. १९०४ मध्ये इंग्लंडात फ्लेमिंग यांनी पहिला व्हॉल्व्ह केला. दोनेक वर्षांनी अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्यात जाळी बसवली. हवा काढून घेतलेल्या नळीत कॅथोड तापतो, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन समोरच्या प्लेटकडे धावतात. मधे ही जाळी. शेतात ओलीत करणारा माणूस फावडंभर मातीनं पाटाचं सगळं पाणी वळवतो ना, तसा माईकचा अशक्त सिग्नल जाळीवरून मोठा प्रवाह कमी-जास्त करतो. आवाज मोठा होतो तो असा.

१९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला. तो हलका, वीज कमी खाणारा. पुढे काचेची मशीनं माळ्यावर गेली.

दोन वर्षांपूर्वी चाचा गेले. दुकान रिकामं करताना भंगारवाल्यानं मशीनचा भाव किलोवर केला. त्याच आठवड्यात पुण्याच्या एका शौकिनानं त्याच्या कितीतरी पट रक्कम सांगितली. चुलतभावाला मुलीच्या फीसाठी पैसे हवे होते. तो म्हणाला, ‘‘भाईजान, खरा भाव कोणता?’’

शौकीन म्हणतात, व्हॉल्व्हचा आवाज गोड. खोटं नाही, पण ती गोडी बरीचशी त्याच्या दोषातून येते. ताण वाढला की व्हॉल्व्ह आवाज एकदम छाटत नाही, हळूच गोल करतो, आणि मूळ स्वरात वरच्या सप्तकातल्या त्याच स्वराची थोडी भर घालतो. मोजायला बसलं तर चांगला ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर जास्त प्रामाणिक ठरतो.

टिकाऊपणाचंही तसंच. विजेचा क्षणभराचा झटका व्हॉल्व्ह बरेचदा सोसतो, ट्रान्झिस्टर जळून जातो. पण व्हॉल्व्ह अमर नाही. मोठे व्हॉल्व्ह काही हजार तासांत थकतात, कंडेन्सर वाळतात. मशीन टिकतं ते दुरुस्त होतं म्हणून. व्हॉल्व्ह बल्बसारखा काढता-घालता येतो, प्रत्येक तार डोळ्यांना दिसते. एकेकाळी बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्हॉल्व्ह बनत. आता ते रशिया, चीन, स्लोव्हाकियातून येतात.

माळ्यावरचं मशीन मात्र काढून थेट सुरू करू नका. आत तीन-चारशे व्होल्ट असतात, आणि बंद केल्यावरही ते कंडेन्सरमध्ये दबा धरून बसतात. कर्णा न जोडता चालवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. जाणत्या मेकॅनिककडेच द्या.

आम्ही तेच केलं. अकोल्याच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं कंडेन्सर बदलले, एक व्हॉल्व्ह नवा घातला. ट्रान्सफॉर्मर जुनेच, पण धडधाकट निघाले. चालतं मशीन म्हणून शौकिनानं रक्कम वाढवली. भावाला मी सांगितलं, भंगारवाल्यानं लोखंड तोललं, यानं दुरुस्तीला जागा असलेली वस्तू पाहिली. विकून टाक.

याच मशीनवर मी सोळाव्या वर्षी उरुसाच्या मुशायऱ्यात पहिली कविता वाचली होती, मराठीत. ते जाण्याच्या आदल्या रात्री आम्ही शेवटचं लावलं. पुतणी माईककडे धावली.

‘‘थांब बेटा,’’ मी म्हणालो, ‘‘काच तर तापू दे.’’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)