पऱ्हाटीचं थर्माकोल

माघ सरताना चांदूर रेल्वेच्या कोणत्याही रस्त्याला लागा, धुऱ्याधुऱ्यावर पऱ्हाटीचे ढीग दिसतात. शेवटची वेचणी झालेली असते, कापूस जिनिंगला गेलेला असतो आणि उरलेलं झाड कुणालाच नको असतं. पूर्वी ही पऱ्हाटी चुलीत जळायची, तिचे कूड व्हायचे. घरोघरी गॅस आला तशी ती धुऱ्यावरच पेटू लागली. हेक्टरमागे साधारण दोन ते तीन टन लाकूड असं धूर होऊन जातं, आणि दरवर्षी ते पाहताना जीव तुटतो.

लाकूडच म्हणायचं तिला. कांडी मोडून पाहा: वर चिवट साल, आत टणक गाभा. कुटार जनावर आवडीनं खातं, वाळक्या पऱ्हाटीला तोंड लावत नाही. अळिंबीला मात्र हेच लाकूड मानवतं. मुंबईत माटुंग्याला 1924 पासून कापसावर काम करणाऱ्या ‘सिरकॉट’ या केंद्रीय संस्थेनं पऱ्हाटीच्या भुशाचे पार्टिकल बोर्ड केले, तिच्यावर धिंगरी अळिंबी वाढवण्याची पद्धतही बसवली.

धिंगरीची पिशवी ज्यानं सोलून पाहिली, त्याला पुढचं फारसं सांगावं लागत नाही. भिजवून गरम पाण्यातून काढलेल्या भुशात अळिंबीचं बी मिसळलं की दोन-तीन आठवड्यांत पिशवी आतून पांढरी होते. अळिंबी खुडून झाल्यावर प्लास्टिक काढा. भुसा सांडत नाही, उभा ठोकळा हातात येतो. अंगठ्यानं दाबला तर किंचित दबतो, पण कड ढासळत नाही. बुरशीच्या बारीक तंतूंनी काडीला काडी बांधलेली असते. त्या तंतूंच्या भिंतींत कायटिन असतं, खेकड्याच्या कवचातलंच द्रव्य.

अमेरिकेत व्हरमाँटच्या शेतावर वाढलेल्या इबन बायर यांनी लाकडाच्या ढलप्या बुरशीनं अशाच चिकटलेल्या पाहिल्या होत्या. 2007 मध्ये गॅव्हिन मॅकिंटायर यांच्यासोबत त्यांनी ‘इकोव्हेटिव्ह’ कंपनी काढली. पद्धत धिंगरीच्याच घरातली: भुसा निर्जंतुक करायचा, बुरशी मिसळायची, पिशवीऐवजी साच्यात भरायचं. आठवडाभरात भुसा वस्तूचा आकार धरतो. मग तो उष्णतेनं वाळवतात. बुरशी मरते, तिला अळिंबी फुटत नाही. काम झाल्यावर तुकडे करून मातीत टाकले की काही आठवड्यांत ते कुजतात. थर्माकोल पिढ्यान्‌पिढ्या तसंच राहतं.

वऱ्हाडासाठी महत्त्वाचा प्रयोग टेक्सासच्या कापूसपट्ट्यातल्या लबकचा. तिथल्या सरकारी जिनिंग संशोधकांनी याच कंपनीसोबत बोंडाची टरफलं आणि सरकीची साल वापरून पॅकिंगचे ठोकळे वाढवले. 2012 मध्ये निष्कर्ष छापून आले. म्हणजे आपल्या जिनांच्या आवारात पडणारा कचराही या कामाला चालतो. इकडे हरियाणात ‘धराक्षा’ ही कंपनी भाताच्या पराळीपासून असंच पॅकिंग बनवते.

संत्र्याच्या पेटीत हे घालावं असा मोह वरुड-मोर्शीच्या संत्राबागांमुळे होतो. मला ते पटत नाही. हा माल ओल शोषतो आणि थर्माकोलपेक्षा जड असतो. काचसामान, पंप, टीव्ही अशा कोरड्या वस्तूंच्या कोपऱ्यांना तो शोभेल.

खरी अडचण हंगामाची आहे. पऱ्हाटी मोकळी होते तेव्हा ऊन चढू लागतं, आणि धिंगरीला थंडी हवी. ढीग पुढच्या हिवाळ्यापर्यंत ठेवावा, तर त्यात गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि नव्या कपाशीवर येते. म्हणून तर ढीग साठवू नका असं कृषी खातं सांगतं. पण श्रेडरमधून बारीक केलेल्या पऱ्हाटीत अळीला जागा उरत नाही, आणि साच्याला भुसाही तसाच बारीक लागतो. फेब्रुवारीत श्रेडर धुऱ्यापर्यंत आणायचा, उन्हात भुसा खडखडीत वाळवायचा, मृगाआधी पोत्यांत भरून कोरड्या गोदामात थप्पी लावायची. दिवाळीनंतर गारवा पडला की पहिलं पोतं उघडायचं.